वस्तीच्या मैदानावर मेरिट लिस्ट कुणी लावली?

मित्रांनो, 'मेरिट' या शब्दावर आपण आजवर कितीतरी भाषणे ठोकली आहेत. गुणवत्ता जन्माने येत नाही, संधीने घडते, हे आपण चौकाचौकात सांगितले. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पुस्तके आहेत आणि ज्यांच्या घरी पहिले पुस्तक शाळेतून आले, त्यांना एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे हा अन्याय आहे, हे आपण आरक्षणविरोधकांना तोंडावर सुनावले. आणि तरीही एका उन्हाळ्यात आम्ही स्वतःच्या हाताने मेरिट लिस्ट लिहिली आणि बुद्धविहाराच्या फलकावर चिकटवली. त्या यादीत चौदा नावे होती. मैदानावर येणारी पोरं पस्तीस होती.

हा लेख त्या यादीबद्दल आहे. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच आहे. पण ती चूक का झाली याचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. वस्तीतला कोच आणि व्यावसायिक कोच ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपली चळवळ त्यांना एकच समजते. त्यात नुकसान आपल्याच पोरांचे होते.

उत्तर नागपुरात विहाराला लागून एक मोकळी जागा आहे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. तिथे आम्ही काही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून संध्याकाळचे फुटबॉल सुरू केले. सहा बॉल, थोडे कोन, दोन रंगांच्या बिब. शिकवायला वस्तीतलेच एक दादा होते. दिवसभर घरांना रंग द्यायचे काम, साडेपाचला हात-पाय धुऊन मैदानात. तरुणपणी खेळलेले, पण हातात कुठलेही लायसन्स नाही. त्यांची शिकवण्याची पद्धत आम्हाला तेव्हा गबाळी वाटायची. जो येईल त्याला ते खेळवायचे. पाच-पाचच्या टीमा पाडायचे, दर दहा मिनिटांनी बदलायचे. सहा पोरी यायच्या, त्यांनाही त्याच टीमांत घ्यायचे. कुणी दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याच्या घरी डोकावून यायचे.

जयंतीनिमित्तच्या स्पर्धेत शेजारच्या वस्तीने आम्हाला लागोपाठ दोन वर्षे हरवले. दुसऱ्या वर्षी तर सहा गोल झाले. स्टेजवरून निवेदक हसला आणि आम्हाला ते फार लागले. बैठक झाली. ठरले की आता गंभीरपणे करायचे. चांगली चौदा पोरं निवडायची, त्यांच्यावरच मेहनत घ्यायची, बाकीच्यांना 'एक्स्ट्रा' म्हणून ठेवायचे. दादांनी बैठकीत एकच वाक्य उच्चारले. "यादी लावाची असन, तर पयले माह्यं नाव काटा."

आम्हाला वाटले, या माणसात जिद्द नाही. आम्ही त्यांचे नाव खरोखरच काटले. 'डी' लायसन्स केलेला एक तरुण कोच मानधनावर आणला. मुलगा कष्टाळू, वेळेचा पक्का, खेळाची समज चांगली. त्याने चौदा जणांची टीम बांधली, पास द्यायला शिकवले, जागा धरायला शिकवले. पुढच्या जयंतीला आम्ही उपांत्य फेरीत गेलो. हार-तुरे झाले, फोटो निघाले, स्टेटस पडले.

त्या फोटोत जे नव्हते ते आम्हाला उशिरा दिसले. मैदानावर आता सोळा-सतरा पोरं उरली होती. पोरी एकही नाही. अकरा वर्षांचा एक पोरगा होता, अंगाने बारीक. अख्खा हंगाम त्याने गोलच्या मागे उभे राहून बाहेर गेलेले बॉल आणून दिले. मग तोही यायचा थांबला. काही दिवसांनी पौर्णिमेच्या वंदनेला त्याची आई भेटली. ती भांडली नाही. तिने फक्त विचारले, "शाळेत यादी लागते, नोकरीत यादी लागते. विहारात बी लावली का तुमी?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आधी व्यावसायिक कोचचे काम नीट समजून घेऊ, कारण त्याला नावे ठेवणे सोपे असते आणि ते चुकीचे असते. व्यावसायिक कोचच्या हाती जे खेळाडू येतात ते आधीच अनेक चाळण्यांतून आलेले असतात. त्याच्या मदतीला सहायक असतात, गोलकीपरचा वेगळा कोच असतो, फिजिओ असतो, सामन्यांचे व्हिडिओ कापून देणारा माणूस असतो. त्याचे काम असते शनिवारचा सामना जिंकणे. त्यासाठी तो अकरा जण उतरवतो आणि बाकीच्यांना बसवतो. न निवडणे हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे. निकाल आले नाहीत तर त्याचीच नोकरी जाते, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते.

हे काम कमी दर्जाचे अजिबात नाही. खालिद जमील यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या मैदानांवर खेळाडू आणि कोच म्हणून वर्षे काढलेला हा माणूस. 2016-17च्या हंगामात त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. कमी पैशांत बांधलेल्या त्या टीमने कोलकाता आणि बेंगळुरूच्या श्रीमंत क्लबांना मागे टाकले. आयएसएलमध्ये मुख्य कोचची खुर्ची वर्षानुवर्षे परदेशी माणसांसाठीच ठेवलेली असायची. तिथेही ते पोहोचले, आणि 2025मध्ये भारतीय संघाचे मुख्य कोच झाले. उपेक्षितांची टीम घेऊन प्रस्थापितांना कसे हरवायचे, हे या माणसाकडून चळवळीनेही शिकावे. पण ऐझॉलमध्येसुद्धा त्यांच्या हाती प्रौढ, कसलेले, करारावरचे खेळाडू होते. गल्लीतून आलेली दहा वर्षांची पोरं नव्हती.

वस्तीतल्या कोचकडे येतो तो प्रत्येक जण न निवडलेला असतो. एकाच्या पायात बूट, दुसऱ्याच्या पायात चप्पल, तिसरा अनवाणी. एक सकाळी खाऊन आलेला, एक चहा-टोस्टवर. एकाला आई सोडायला येते, एकाचा बाप पिऊन मैदानात येतो आणि पोराला ओढत नेतो. या कोचला फुटबॉल शिकवता शिकवता आधार कार्डातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करून द्यावी लागते, कारण त्याशिवाय स्पर्धेची नोंदणी होत नाही. पोरीच्या घरी जाऊन तिच्या बापाला समजवावे लागते. दोन पोरांचे भांडण त्यांच्या बापांपर्यंत जाण्याआधी मिटवावे लागते. त्याच्या मदतीला कुणी नसते. त्याच्या कामाचे मोजमाप एकाच आकड्याने होते. आज आलेली किती पोरं उद्या पुन्हा आली?

आम्ही आणलेल्या तरुण कोचने काही चूक केली नव्हती. आम्ही त्याला व्यावसायिक कोचचे काम दिले आणि ते अकरा वर्षांच्या पोरांवर करायला सांगितले. चूक आमच्या आदेशात होती.

आता कुणी म्हणेल, शेवटी गुणवत्ता तर लहानपणीच दिसते ना? मग चांगल्यांवर मेहनत घेतली तर काय बिघडले? मित्रांनो, हाच तो मेरिटचा जुना युक्तिवाद. फुटबॉलच्या अभ्यासकांनीच त्याला खिंडार पाडले आहे. वयोगटाच्या स्पर्धेत साधारणपणे 1 जानेवारी ही तारीख धरली जाते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला पोरगा आणि डिसेंबरात जन्मलेला पोरगा एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी जवळजवळ एका वर्षाचे अंतर म्हणजे उंची, वजन आणि ताकद यांतले मोठे अंतर. जगभरच्या अकादम्यांत असे आढळले आहे की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त आणि शेवटी जन्मलेली कमी असतात. कोच 'गुणवत्ता' निवडतो असे त्याला वाटते. खरे तर तो पुष्कळदा महिने निवडत असतो. त्यात आपल्या वस्तीतला खुराक मिळवा. कुणाला रोज अंडे-दूध मिळते आणि कुणाला नाही, हा फरक मैदानावर 'टॅलेंट' म्हणून दिसतो. ज्या समाजात आपल्या बापांच्या जन्मतारखा हेडमास्तरांनी सरसकट 1 जून लिहून टाकल्या, त्या समाजाने तरी कागदावरच्या वयाला आणि त्यावरून ठरणाऱ्या गुणवत्तेला जरा संशयाने पाहायला हवे होते.

आम्ही ती यादी पुन्हा काढून पाहिली. चौदापैकी बहुतेक पोरं आपल्या गटात थोराड होती. ज्या पोराने बॉल आणून देण्यात हंगाम घालवला, तो नोव्हेंबरातला होता.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. "सगळ्यांना खेळवत बसलात तर वरचा खेळाडू कधी घडणार? आपल्या पोरांनी काय जन्मभर वस्तीतच खेळायचे?" हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. त्यासाठी नॉर्वेकडे पाहू. त्या देशात मुलांच्या खेळाचे नियम ठरलेले आहेत. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, तेरा वर्षांचे होईपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद खेळवायचे नाही. तिथल्या ब्रिने या छोट्या गावात आल्फ इंग्वे बर्न्टसेन नावाच्या कोचने सुमारे 40 मुलांचा गट सांभाळला. कुणालाही वगळले नाही. त्याच गटात एर्लिंग हालांड होता, जो आज जगातल्या सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांपैकी एक आहे. लहानपणी तो इतरांपेक्षा दणकट नव्हता, उंची त्याला उशिरा मिळाली. यादी लावणाऱ्या कोचच्या हाती तो पडला असता तर कदाचित तोही गोलच्या मागे बॉल आणत बसला असता. नॉर्वे श्रीमंत आहे, तिथल्या पोराला पोटाची चिंता नाही, हे खरे. पण कुणालाही न काढणे या नियमाला पैसे लागत नाहीत. आमचे रंगकाम करणारे दादा तो नियम फुकट पाळत होते.

मग निवड कधीच करायची नाही का? करायची, पण कधी आणि कुणी करायची, हा प्रश्न आहे. इथे आपल्याच इतिहासातला एक माणूस आठवा. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा तरुण पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचा आणि सरावाच्या जाळीत इंग्रज फलंदाजांना तासन्तास चेंडू टाकायचा. त्याच्या गोलंदाजीवर साहेबांची फलंदाजी सुधारली. बाळू जगातल्या उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत गणला जाईल इतका तयार झाला, पण त्या जाळीत त्याचा कोच कुणी नव्हता. तिथे तो नोकर होता. हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हते. मैदानावर त्याचा चेंडू चालला, पण चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळाला. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला पुढे 1923मध्ये, झगडा केल्यावर मिळाले.

बाळूच्या गोष्टीतून आम्ही दोन धडे घेतो. वरच्या पातळीवरची निवड निर्मळ असते हा भ्रम आहे. तिथे प्रतिनिधित्वासाठी लढावेच लागते, आणि लढताना दयेची भीक नको, पळवणकर बंधूंसारखा तयार खेळ हातात हवा. दुसरा धडा खालच्या पातळीचा. तिथे आपल्या पोराला फक्त बॉल आणून देणारा करायचे नाही. बाळूला जाळीबाहेर ठेवणारे परके होते. आमच्या मैदानावरच्या त्या पोराला गोलच्या मागे उभे करणारे आम्ही होतो, आणि आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

नागपूरचा विषय निघाला की 'झुंड' निघतोच. नागराज मंजुळेंचा हा चित्रपट 2022मध्ये आला तेव्हा आपल्यात वाद झाला. एक गट म्हणाला, जयंतीचा उत्सव आणि बाबासाहेबांचा फोटो मोठ्या हिंदी पडद्यावर आला, हे मोठे पाऊल आहे. दुसरा म्हणाला, पुन्हा एकदा बाहेरचा तारणहार येऊन आपल्या पोरांचा उद्धार करतो आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्या खऱ्या कामावरून तो चित्रपट सुचला, त्यातली एक गोष्ट या वादात हरवली. नागपुरात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी 2001मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं खेळताना पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. या संस्थेची खरी ताकद कप जिंकण्यात नाही. खेळायला आलेल्या पोरांमधूनच पुढचे कोच घडवण्यात ती आहे. ज्या होमलेस वर्ल्ड कपला ही पोरं जातात, त्याचा नियमही पाहा. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात खेळता येते. म्हणजे कोचला दरवर्षी नवी पोरं घेऊन नवी टीम बांधावी लागते. एकाच हिऱ्याला दहा वर्षे घासत बसण्याची सोयच नाही. तारणहार कोण, या प्रश्नापेक्षा आम्हाला हा प्रश्न मोठा वाटतो. पहिला कोच थकल्यावर दुसरा कोच त्याच वस्तीतून उभा राहतो की नाही?

बाबासाहेबांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा दिसतात. 1913मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. ती निवड होती, एका माणसाची. पण स्वतःच्या हाती संस्था उभारण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केले? 1945मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या गरीब पोरालाही शिकून कामावर जाता येईल. आपल्यासारखा आणखी एक हुशार शोधून परदेशी पाठवला की काम झाले, असे त्यांनी मानले नाही. दार उघडे ठेवले आणि दाराची वेळ कष्टकऱ्याच्या सोयीने ठरवली. आमचे दादा साडेपाचला मैदानात यायचे, कारण त्या वेळी पोरं शाळेतून आणि ते कामावरून सुटलेले असायचे. हे वेळापत्रक कुठल्या परंपरेतले आहे, हे आम्हाला तेव्हा कळायला हवे होते.

पण वस्तीतल्या कोचची आरती ओवाळून त्याला वस्तीतच ठेवायचे, हेही आम्हाला मान्य नाही. 'सेवा' म्हणून आपल्या माणसाकडून फुकट राबवून घेणे ही व्यवस्थेची जुनी सवय आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचिंगच्या शिडीवर 'डी', मग 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर 'प्रो' अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला फी आहे, प्रवास आहे, आणि कोर्सच्या दिवसांची बुडालेली मजुरी आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस पहिल्याच पायरीवर अडतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर होते. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले, 1956च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. शाळेतला मास्तर आणि देशाचा कोच एकच माणूस असू शकतो. आपल्या दादांसाठी ती शिडी कोण धरणार? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांसाठी आपण वर्गणी काढतो, ते योग्यच आहे. मग वर्षाला एका वस्तीतल्या एका कोचची फी आणि त्या दिवसांची मजुरी समाजाने का देऊ नये? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे बिल आठवा आणि हिशेब करा.

आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. आम्ही दादांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि तीन अटी सांगितल्या. बारा वर्षांखालच्या पोरांची यादी पुन्हा लावायची नाही. पोरींची वेळ सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर ठेवायची नाही. आणि त्या तरुण कोचला काढायचे नाही, "त्याच्यापासून मले शिकाचं हाये." आता सोमवार ते शनिवार दादा सगळ्यांना खेळवतात. रविवारी तो तरुण कोच चौदा वर्षांवरच्या, पुढे चाचणीला जाऊ इच्छिणाऱ्या पोरांची कसून तयारी घेतो, आणि दादा बाजूला वही घेऊन बसतात. त्यांच्या 'डी' लायसन्सची फी आम्ही भरली. परवा मोजली तेव्हा मैदानावर एकतीस पोरं होती, त्यांत चार पोरी. गेल्या जयंतीला आम्ही पहिल्याच फेरीत हरलो.

तो नोव्हेंबरातला पोरगा अजून आलेला नाही. दादा दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. तिसऱ्यांदा आम्ही जाणार आहोत, कारण त्याचे नाव यादीतून आम्ही काढले होते, दादांनी नाही.

तुमच्या वस्तीत असे मैदान असेल तर एवढेच करा. या आठवड्यात एका संध्याकाळी जा आणि गोलच्या मागे कोण उभे आहे ते पाहा.

जय भीम.